वाऱ्यावर सोडलेले सॉफ्टवेअर : बनवणाऱ्याची जबाबदारी कुठपर्यंत?

रफार (धागाकर्ता)

२००७ साली मी पुण्यात नोकरीला असताना सुट्टीच्या दिवसांत एक छोटा परिवर्तक लिहिला होता. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी मजकूर ज्या फाँटमध्ये टंकला जात असे, त्या फाइलींत ‘क’ किंवा ‘ख’ असे अक्षर मुळात साठवलेलेच नसे. इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचा एखादा तुकडा, काना, अर्धा श किंवा रफार, चित्र म्हणून बसवलेला असे, आणि त्यामुळे तो फाँट नसलेल्या संगणकावर तीच फाइल उघडली की इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी दिसे. माझा परिवर्तक ते तुकडे ओळखून त्यांचा युनिकोड मजकूर करत असे. जुन्या फाइलीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी असते, ती नंतर न्यायची. रफार नंतर असतो, तो आधी आणायचा. जोडाक्षरे सांधायची, असे ते काम. स्वतःचे डोमेन घेऊन मी तो मोफत उतरवून घेण्यासाठी ठेवला. छापखानेवाले, दिवाळी अंकवाले, शिक्षक असे बरेच लोक तो वापरू लागले आणि मला त्याचा अभिमान होता.

२०१२ च्या अखेरीस मी परदेशी आलो. निघण्याच्या आठवड्यात एका फाँटच्या नव्या आवृत्तीसाठी घाईघाईने तक्ता लिहून शेवटची आवृत्ती चढवली. पुढच्या वर्षी डोमेनचे पैसे भरायचे राहिले, मग भरावेसे वाटले नाहीत. त्या कामासाठी उघडलेली टपालपेटीही मी पाहणे सोडले.

गेल्या महिन्यात एका जुन्या कागदाच्या शोधात ती पेटी उघडली, तेव्हा आत ४१ पत्रे होती. त्यांतली बहुतेक एकाच चुकीबद्दल होती. त्या घाईच्या तक्त्यात ‘ऱ्’ या चिन्हापुढे मी साधा ‘र’ आणि हलन्त एवढेच लिहिले होते. परिणामी त्या फाँटमधल्या प्रत्येक ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’ झाले, ‘वाऱ्यावर’चे ‘वार्यावर’ झाले. हे निदान डोळ्यांना खुपते. परंतु रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेने आपल्या दिवंगत वडिलांच्या वसतिगृहातल्या आठवणी याच परिवर्तकातून काढल्या होत्या. त्यांत एका वाक्यात आचारी पहाटे चारला उठतात आणि पुढच्या वाक्यात आचार्यांनी भाकऱ्या थापलेल्या असतात. वाचणाऱ्याला वाटावे की वसतिगृहात कोणी विद्वान गृहस्थ चुलीपाशी बसत असत. मूळ सीडी तोपर्यंत खराब झाली होती. बाईंनी २०१४ आणि २०१५ साली सविस्तर पत्रे लिहिली. २०१८ सालच्या तिसऱ्या पत्रात एकच ओळ होती : आपण बरे आहात ना?

माझे जुने डोमेन दुसऱ्या कोणीतरी घेतले असून तेथे आता जुगाराच्या जाहिराती दिसतात. अनेक मराठी संकेतस्थळांवरचे ‘फाँट परिवर्तक येथे मिळेल’ असे दुवे अजून तिकडेच जातात.

मी कोणाकडून एक रुपया घेतला नव्हता आणि कोणाला कसले वचनही दिले नव्हते. तरीही ती ४१ पत्रे वाचल्यापासून मी काहीतरी बुडवले आहे असे वाटते. जे बुडवले ते नेमके काय, हे मला समजून घ्यायचे आहे.

साक्षीपुरावा

कायद्यापुरते सांगायचे तर तुमच्याकडे बोट दाखवता येणार नाही. मोबदला नाही, करार नाही, हमी नाही. मुक्त सॉफ्टवेअरच्या जवळपास सर्व परवान्यांत ‘जसे आहे तसे, कोणत्याही हमीशिवाय’ असे ठळक कलम असतेच, आणि ते लिहिलेले नसते तरी चित्र फारसे बदलले नसते.

पण तुम्ही एका गोष्टीचा उल्लेख केलेला नाही, म्हणून विचारतो. परिवर्तक ठेवताना सोबत कोणता परवाना जोडला होता? ‘मोफत’ असे लिहिल्याने घेणाऱ्याला फार तर वापरण्याची मुभा मिळते. दुरुस्त करून पुन्हा वाटण्याची मिळत नाही. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो आणि त्याचे संरक्षण लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षे चालते. याचा अर्थ असा की, एखाद्या हौशी मुलाने २०१४ साली तुमचा तक्ता दुरुस्त करून नवी आवृत्ती वाटली असती तर काटेकोरपणे पाहता त्याने तुमच्या हक्काचा भंग केला असता. लेखकाला आपला हक्क सोडण्याची सोय कायद्याच्या २१ व्या कलमात आहे आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर तो जाहीर सूचना देऊनही सोडता येतो. ते तुम्ही केले नाहीत. घर सोडताना कुलूप लावून किल्ली खिशात घातलीत, असे त्याचे वर्णन करता येईल.

आणखी एक मुद्दा, निव्वळ विचारासाठी. त्याच कायद्याचे ५७ वे कलम असे म्हणते की, हक्क विकून टाकले तरी कृतीवर आपले नाव असण्याचा आणि आपल्या नावाला बट्टा लागेल अशी मोडतोड थांबवण्याचा अधिकार लेखकाकडे राहतो. म्हणजे कृती आणि कर्ता यांची नाळ विक्रीनेही तुटत नाही असे कायदा मानतो. मात्र त्या नाळेतून कायदा फक्त अधिकार वाहू देतो. कर्तव्याबद्दल तो काही बोलत नाही.

दुपारची_झोप

धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत. मूळ फाइलीची दुसरी प्रत न ठेवता एका अनोळखी माणसाच्या फुकट सॉफ्टवेअरवर वडिलांच्या आठवणी सोपवल्या, यात चूक कोणाची? धागाकर्त्यांनी स्वतःला इतके पिडून घेऊ नये.

शिशाचे_खिळे

वरच्या प्रतिसादाशी मी सहमत नाही. मी कोल्हापुरात अक्षरजुळणीचे काम करतो आणि हा परिवर्तक मी तीन-चार वर्षे रोज वापरला आहे. हेच ते ‘दुसर्या’, हे वाचताक्षणी ओळखले. तुमच्या ४१ पत्रांत माझेही एक असावे.

ज्यांनी त्या काळात हे काम केले नाही त्यांना कल्पना येणार नाही, म्हणून सांगतो. ग्राहक जुनी फाइल घेऊन येत असे. ती कोणत्या फाँटमध्ये आहे हे त्याला ठाऊक नसे, आणि एकाच फाँटच्या दोन आवृत्त्यांत अक्षरांच्या जागा वेगळ्या असू शकतात हे कित्येकदा आम्हालाही ठाऊक नसे. अशा वेळी कोणीतरी तक्ते जमवून दिलेले साधन म्हणजे मोठाच आधार होता. चूक सापडल्यावर आम्ही शोध-बदल करून ‘र्या’चे ‘ऱ्या’ करू लागलो, तर ‘कार्यालय’ आणि ‘सूर्यास्त’ बिघडू लागले. एका स्मरणिकेत अध्यक्षांच्या भाषणात ‘काऱ्यालय’ छापले गेले आणि छपाईचे पैसे आमच्या खिशातून गेले.

माझी तक्रार चुकीबद्दल नाही. मुद्रितशोधकाच्या हातूनही चुका सुटतात. तक्रार अशी आहे की आम्ही दीड वर्ष वाट पाहिली. ‘हे काम मी सोडले आहे’ अशी एक ओळ तुम्ही पानावर टाकली असती, तर आम्ही त्याच आठवड्यात दुसरी सोय पाहिली असती. आमच्या वडिलांच्या काळात एका ब्लॉकवाल्याने धंदा बंद केला, तेव्हा त्याने प्रत्येक छापखान्याचे जस्ताचे ब्लॉक कागदात गुंडाळून, वर नाव लिहून, सायकलवरून घरपोच केले होते. पुढे त्याने पानपट्टीचे दुकान टाकले आणि त्याबद्दल कोणी त्याला कधी नावे ठेवली नाहीत.

उत्तररात्र

मी म्युनिकमध्ये असतो. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचा एक लहान घटक गेली नऊ वर्षे सांभाळतो आहे आणि तो सोडावा असे मला वर्षातून दोनदा तरी वाटते. त्यामुळे हा प्रश्न मला दुसऱ्या टोकाकडून दिसतो.

मुक्तस्रोत चळवळीतले प्रोग्रॅमर-लेखक एरिक रेमंड यांनी १९९७ मध्ये मांडलेले एक सूत्र आमच्या क्षेत्रात वारंवार सांगितले जाते : एखाद्या प्रोग्रॅममधला रस संपला की तो लायक वारसाच्या हाती देणे हे त्याच्याप्रती शेवटचे कर्तव्य होय. ऐकायला योग्य वाटते; पण ‘लायक’ कोण, हे ठरवायचे कसे? ‘इव्हेंट-स्ट्रीम’ नावाचा घटक डॉमिनिक टार यांनी लिहिला होता आणि तो ते स्वतः कित्येक वर्षे वापरतही नव्हते. आठवड्याला वीस लाखांच्या आसपास वेळा तो उतरवला जात असे. एका अनोळखी व्यक्तीने पत्र लिहून सांभाळण्याची तयारी दाखवली आणि त्यांनी तो देऊन टाकला. त्या व्यक्तीने २०१८ मध्ये त्यात एक नवा घटक घुसवला, जो एका विशिष्ट बिटकॉइन-पाकिटातून किल्ल्या चोरण्यासाठी बनवलेला होता. टार यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. वस्तुतः त्यांनी रेमंड यांचा सल्लाच पाळला होता.

एक्सझेड प्रकरण तर याहून काळजीपूर्वक रचलेले होते. फाइली आकाराने लहान करण्याचे हे साधन फिनलंडचे लासे कोलिन हौसेने सांभाळत होते. २०२२ मध्ये काही खात्यांवरून त्यांच्यावर दबाव येऊ लागला : कामे रखडली आहेत, झेपत नसेल तर दुसऱ्या कोणाला तरी द्या. कोलिन यांनी उत्तरात आपल्या मानसिक आरोग्याच्या अडचणी सांगितल्या आणि हा बिनपगारी छंद आहे याची आठवणही करून दिली. दरम्यान ‘जिया टॅन’ या नावाने कोणीतरी २०२१ पासून चोख काम करून विश्वास कमावत होते. हळूहळू सूत्रे त्याच्या हाती गेली, आणि २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आलेल्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा निघाला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरस्थ संगणकावर प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे दिसले आणि त्याने त्याचा छडा लावला, म्हणून २९ मार्चला ते उघड झाले. दबाव आणणारी ती खाती बनावट होती असे आता मानले जाते. थोडक्यात, ‘सोडून दिल्याची लाज’ हेच तिथे हत्यार म्हणून वापरले गेले.

याच कारणाने ‘बनवलेस ना, मग निस्तर’ असे कोणी म्हटले की मी सावध होतो. २०१४ साली ओपनएसएसएलमधली हार्टब्लीड ही चूक सापडली, तेव्हा जगातल्या असंख्य संकेतस्थळांच्या सुरक्षित व्यवहारांचा भार ज्या साधनावर होता, त्या प्रकल्पाला देणग्या वर्षाला सुमारे २००० डॉलर मिळत होत्या आणि पूर्ण वेळ काम करणारा माणूस एकच होता. वापरणाऱ्या कंपन्यांनी त्याआधी त्याची विचारपूस केलेली नव्हती. बनवणाऱ्याने सोडून देणे सर्वांना दिसते. वापरणाऱ्यांनी त्याला एकटे सोडलेले असते, त्याची चर्चा अपघात झाल्यावरच होते. युरोपीय संघाने २०२४ मध्ये केलेल्या सायबर लवचीकता कायद्यात व्यापारी उत्पादकांवर सर्वसाधारणपणे किमान पाच वर्षे सुरक्षा-दुरुस्त्या देण्याचे बंधन घातले आहे, आणि बाजारासाठी न बनवलेले मुक्तस्रोत काम त्यातून वगळले आहे, ते मला योग्य वाटते.

मात्र रफार यांच्या बाबतीत एका गोष्टीवर मी कठोर राहीन आणि ती म्हणजे डोमेन. ते सोडून देणे म्हणजे निव्वळ थांबणे नव्हे. २०२२ च्या मे महिन्यात पायथॉन या संगणकभाषेच्या घटक-भांडारातल्या ‘सीटीएक्स’ या जुन्या घटकाच्या बाबतीत हेच झाले. कर्त्याच्या ई-मेलचे डोमेन मुदत संपून मोकळे झाले होते. हल्लेखोराने ते विकत घेतले, पासवर्ड बदलून घेतला आणि घटकाची विषारी आवृत्ती चढवली. तुमच्या नावावर विसंबून येणाऱ्या माणसाला आज जुगाराच्या जाहिराती दिसतात, हे त्या मानाने स्वस्तात सुटले म्हणायचे.

रफार

साक्षीपुरावा, परवाना जोडला नव्हता. खरे सांगायचे तर परवान्याचा विचार तेव्हा मनात आलाच नाही. ‘मोफत’ लिहिले की झाले, अशी समजूत होती. तुमचा प्रतिसाद वाचून पुन्हा ती पत्रे चाळली, तर २०१६ सालचे एक पत्र अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्याचे निघाले. त्याने चूक शोधून, दुरुस्त तक्ता जोडून, ‘हे मी प्रसिद्ध केले तर चालेल का?’ असे अदबीने विचारले होते. मी उत्तर दिले नाही, म्हणून त्याने प्रसिद्ध केले नसावे. बाईंच्या पत्राइतकेच हे पत्र मला लागले. मी काम केले नाही ते एक वेळ चालले असते, पण जो करायला तयार होता त्यालाही मी अडवून ठेवले.

शिशाचे खिळे, तुमचे पत्र सापडले. १९ ऑगस्ट २०१४. उशीर झाला आहे, पण मनापासून माफी मागतो.

सातारी_कंदी

आमच्या गावच्या रस्त्यावर उन्हाळ्यात पाणपोई लागते. ती लावलीच पाहिजे असा कोणावर जुलूम नाही, आणि लावणाऱ्याने ती जन्मभर चालवावी अशीही कोणाची अपेक्षा नसते. पण बंद करताना रांजण पालथा घालतात. लांबून येणाऱ्याला पालथा रांजण दिसतो आणि तो पुढच्या गावापर्यंत तहान धरून चालतो. रांजण उताणाच ठेवून, त्यात महिन्याचे पाणी आणि वर ‘पाणपोई’ची पाटी तशीच ठेवून जो निघून जातो, त्याने धर्म केला असे आमच्याकडे म्हणत नाहीत. उत्तररात्र यांच्या टार साहेबांनी रांजण परक्याच्या हाती दिला. रफार यांनी तो उताणा ठेवला. पालथा घालायला पाच मिनिटे लागली असती.

दुपारची_झोप

दृष्टान्त छान आहे, परंतु रांजण पालथा घालायचा म्हणजे आधी आपण थांबलो आहोत हे स्वतःला कळावे लागते. असे काम एका दिवशी कोणी सोडत नाही. ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणता म्हणता पाच वर्षे जातात. कोणत्या दिवशी पालथा घालणार होता?

उत्तररात्र

हा आक्षेप रास्त आहे आणि माझ्या मते यातला अवघड भाग तोच आहे. थांबलो हे कबूल करणे जड जाते, कारण त्यात हौसेचा पराभव दिसतो. लिनक्सची एक मोफत आवृत्ती बनवणाऱ्या डेबियन प्रकल्पाने यावर चांगली व्यवस्था काढली आहे. ज्या पॅकेजचा सांभाळकर्ता दूर होतो ते रीतसर ‘अनाथ’ म्हणून जाहीर केले जाते, त्याची यादी सर्वांना दिसते आणि कोणीही ते दत्तक घेऊ शकतो. सांभाळकर्ता स्वतः काही बोलतच नसेल, तर ठरावीक पद्धतीने शहानिशा करून इतरांनाही तसे जाहीर करता येते. म्हणजे थांबल्याचे कळणे केवळ त्या एका माणसाच्या कबुलीवर सोडलेले नाही. एकट्याने चालवलेल्या संकेतस्थळाला अशी व्यवस्था नसते, त्यामुळे तिथे सगळा भार कबुलीवरच येतो. मी स्वतः माझ्या घटकाच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवले आहे की सहा महिने माझ्याकडून काही हालचाल दिसली नाही, तर हे काम बंद पडले असे समजावे. अमुक दिवशी पालथा घालू असे म्हणण्यापेक्षा, न बोललो तर आपोआप पालथा होईल असा रांजण ठेवलेला बरा.

साक्षीपुरावा

दत्तकाची उपमा मात्र जपून वापरावी. दत्तक देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची संमती लागते, आणि इथे पहिलीच मिळत नव्हती, हेच त्या विद्यार्थ्याचे दुखणे होते.

शिशाचे_खिळे

माफी पोहोचली. आता कामाचे बोलू. माझ्याकडे जुन्या फाइलींचे दोन खोके आहेत आणि त्या फाँटच्या दोन्ही आवृत्त्या आजही एका संगणकावर जपून ठेवल्या आहेत. सोर्स कोड सापडला तर कळवा. ज्यांच्याकडे मूळ फाइल आहे त्यांचे काम सोपे आहे. तक्ता सुधारला की मजकूर शुद्ध निघेल. ज्यांच्याकडे फक्त बिघडलेला युनिकोड उरला आहे, त्यांच्यासाठी शब्दांची यादी लागेल. ‘दुसर्या’, ‘तर्हा’, ‘वार्यावर’ असे शब्द मराठीत नाहीतच, ते डोळे झाकून बदलता येतील. ‘कार्य’, ‘धैर्य’, ‘पर्याय’ यांना हात लावायचा नाही. उरतात ती आचार्यांसारखी जोड्यांची प्रकरणे. ती यंत्रावर न सोडता फक्त रंगवून दाखवावीत आणि माणसाने ठरवावे.

रफार

तीन आठवड्यांनी लिहितो आहे. जुन्या हार्डडिस्कवर सोर्स कोड मिळाला. तक्ता सुधारला, कोणालाही बदलून वाटण्याची मुभा देणारा एमआयटी परवाना जोडला आणि पहिल्याच ओळीत लिहिले की हे काम मी पुढे चालवणार नाही, ज्याला हवे त्याने न विचारता पुढे न्यावे. २०१६ सालच्या त्या विद्यार्थ्याला पत्र पाठवले. तो आता स्वतः शिकवतो आणि त्याचा तेव्हाचा तक्ता माझ्यापेक्षा नेटका होता, म्हणून तोच वापरला आहे. जुने डोमेन परत मिळवणे परवडण्यासारखे नाही. ज्या संकेतस्थळांवर त्याचे दुवे आहेत त्यांना एकेक करून कळवतो आहे. आतापर्यंत अकरा जणांनी दुवे काढले. बाकीच्यांकडून उत्तर नाही, आणि त्याबद्दल तक्रार करण्याचा मला कितपत अधिकार आहे हे मी जाणतो.

शिक्षिकाबाईंनाही लिहिले. त्यांचे उत्तर चौथ्या दिवशी आले. त्यांनी २०१९ सालीच छापील प्रतीवर पेन्सिलीने सगळा मजकूर हाताने सुधारून घेतला होता. सुधारलेल्या २१२ शब्दांची यादी त्यांनी वहीच्या पानांचे फोटो काढून पाठवली, ‘तुमच्या यंत्राला उपयोग होईल’ म्हणून. शिशाचे खिळे यांच्या यादीत ती मिळवली आहे. तीत एकाच शब्दापुढे प्रश्नचिन्ह आहे. वडिलांनी लिहिले होते : ‘संध्याकाळी डोंगरावर बसून आम्ही दर्या पाहत असू.’ त्या डोंगरावरून एका अंगाला समुद्र दिसतो आणि दुसऱ्या अंगाला दऱ्या आहेत. बाई स्वतः तिथे जाऊन बसल्या, तरी ठरवता आले नाही. टंकणाऱ्याचे दुकान आता नाही, आणि विचारावे असे त्या काळातले घरात कोणी उरलेले नाही.

ते वाक्य मी चाचणीच्या फाइलीत पहिले ठेवले आहे. त्यापुढे अपेक्षित उत्तराचा रकाना रिकामा आहे.